रिव्हेंडेलपर्यंत सोडू नका

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही टोल्कीनची कादंबरी वाचायला घेऊन शंभर-दीडशे पानांवर थांबलेले खूप लोक माझ्या ओळखीत आहेत. बहुतेकांनी तिच्यावरचे पीटर जॅक्सनचे तिन्ही सिनेमे पाहिलेत, गोष्ट आवडली आहे, पुस्तकही हौसेने विकत घेतलंय. तरी ते कपाटात परत गेलं, कारण सिनेमात चटकन उरकणारा प्रवास पुस्तकात संपता संपत नाही. माझी धाकटी बहीण त्यांच्यातलीच. गेल्या पावसाळ्यात तिने पुन्हा सुरुवात केली आणि मला म्हणाली, “ताई, या वेळी तू पण बरोबर वाच. एकटीने माझ्याच्याने होत नाही.” माझं हे पुस्तक आधी वाचून झालं होतं आणि ते मला फार प्रिय आहे. ती नाशिकला, मी डोंबिवलीत. रात्रीची जेवणं आवरली की फोन स्पीकरवर टाकायचा आणि वाचायला बसायचं, असं ठरलं. आम्ही शेवटच्या पानापर्यंत पोचलो. वाटेत काय कामी आलं आणि कुठे नेट धरावा लागला ते इथे लिहितेय, कारण हे पुस्तक अर्ध्यावर सुटलं की त्यातलं सगळ्यात चांगलं तेवढं वाचायचं राहून जातं.

आधी पुस्तकाच्या आकाराबद्दल. एका खंडातली आवृत्ती हजार पानांच्या वर जाते. घरात टेबलावर ठेवून वाचायला ती छान, पण लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभं राहायचं असेल तर तिचा उपयोग नाही. तीन सुट्या खंडांचा संच घ्या. पर्समध्ये मावतो आणि एक खंड संपल्याचं समाधानही मिळतं. हे तीन खंड टोल्कीनच्या मनातले नव्हते. त्याच्या लेखी ही एकच सलग कादंबरी होती, सहा ‘पुस्तकां’त विभागलेली. युद्धानंतर कागद महाग होता, एवढं मोठं पुस्तक एकदम छापण्यात धोका होता, म्हणून प्रकाशकाने तिचे तीन खंड केले. पहिले दोन 1954 मध्ये आले, तिसरा ऑक्टोबर 1955 मध्ये. पहिला किंवा दुसरा खंड संपताना गोष्ट मध्येच तुटल्यासारखी वाटते त्याचं कारण हे. खंड संपल्यावर फार दिवस मध्ये जाऊ देऊ नका.

पानं मोजू नका, प्रकरणं मोजा. एकूण 62 प्रकरणं आहेत. सगळी मिळून साडेचार लाखांच्या आसपास शब्द, म्हणजे एका प्रकरणाला सरासरी सात हजार. मराठी माध्यमात शिकलेल्या माझ्यासारख्या वाचकाला त्याला तास-सव्वा तास लागतो. रोज एक प्रकरण झालं तर उत्तम, अर्धं झालं तरी चालेल. टोल्कीनची प्रकरणं बहुतेकदा मुक्कामाच्या जागी संपतात. कुणीतरी झोपतं, कुणीतरी नदी ओलांडतं, दार उघडतं. तिथे पुस्तक मिटलं की दुसऱ्या दिवशी धागा सहज सापडतो.

सुरुवातीच्या प्रस्तावनेवर अनेक जण अडखळतात. हॉबिट नावाचे छोट्या चणीचे लोक, त्यांची तंबाखू, शायर या त्यांच्या मुलखाचा कारभार, असं सगळं तिथे गोष्ट सुरू होण्याआधीच येतं. माझा सल्ला स्पष्ट आहे: तो भाग नंतरसाठी ठेवा. फक्त गोष्टीच्या मुळाशी असलेली जादूची अंगठी बिल्बो या हॉबिटला कशी सापडली ते सांगणारा तुकडा वाचा, तोही टोल्कीनचं आधीचं पुस्तक ‘द हॉबिट’ वाचलेलं नसेल तरच. मग थेट वाढदिवसाच्या मेजवानीत शिरा. बिल्बो 111 वर्षांचा होतोय आणि त्याच दिवशी त्याचा वारस फ्रोडो 33 वर्षांचा, हे कळलं की शायरची हवा आपोआप कळते.

आता मुख्य अडथळा. सिनेमात गँडाल्फ हा जादूगार अंगठीचं रहस्य सांगतो आणि फ्रोडो जवळजवळ लगेच निघतो. पुस्तकात मेजवानी आणि त्या संभाषणाच्या मध्ये सतरा वर्षं जातात. त्यानंतरही फ्रोडो घर विकतो, सामानाची आवराआवर करतो आणि पन्नासाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, 23 सप्टेंबरला, पायी बाहेर पडतो. रिव्हेंडेल या पहिल्या सुरक्षित मुक्कामाला पोचायला त्याला जवळजवळ महिना लागतो आणि आपल्यालाही तो सगळा रस्ता चालावा लागतो. शेतं, ओढे, जुनं जंगल, धुकं. बहिणीचा धीर इथेच सुटत होता. “काळे घोडेस्वार मागे लागलेत आणि हे लोक वाटेत मश्रूम खातायत,” ती वैतागून म्हणाली.

मी तिला नकाशा उघडायला सांगितलं. हे नकाशे टोल्कीनचा मुलगा ख्रिस्तोफर याने काढले आहेत आणि ते शोभेसाठी नाहीत. टोल्कीन जमिनीचं वर्णन करतो तेव्हा दिशा, उतार, वारा कुठून येतोय, चंद्र किती उरलाय हे सगळं नेमकं असतं. चंद्राच्या कलांचा हिशेब तर त्याने मुद्दाम जुळवून घेतला होता. नकाशावर बोट ठेवून वाचायला लागलं की वर्णनांचा कंटाळा येत नाही, कारण आता उत्तरेला वळलो म्हणजे काय टळलं आणि कशाच्या जवळ आलो हे दिसत राहतं. बहिणीने नकाशाची झेरॉक्स मोठी करून भिंतीला लावली आणि रोज पेन्सिलने रेघ पुढे न्यायला लागली. त्यानंतर तिने वेगाबद्दल पुन्हा कुरकुर केली नाही.

शब्दांचंही तसंच. इंग्रजी अवघड जातं असं ज्यांना वाटतं त्यांनी लक्षात घ्या की यातले निम्मे अनोळखी शब्द जमिनीचे आहेत: दलदल, डोंगरातलं तळं, झाडीने भरलेली घळ, नदीतलं बेट. तेच दहा-बारा शब्द फिरून फिरून येतात. पहिल्या शे-दोनशे पानांत तेवढे शिकून घेतले की पुढे शब्दकोश उघडायची वेळ क्वचित येते. झाडाझुडपांची नावं कळली नाहीत तरी काही बिघडत नाही. आणि इंग्रजी नकोच असेल तर मराठी अनुवाद आहे, तो घ्यावा. मूळ भाषेतच वाचलं पाहिजे या आग्रहापायी पुस्तकच न वाचणं मला पटत नाही.

टॉम बॉम्बाडिलबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सर्वांत जास्त लोक त्याच्यापाशी पुस्तक सोडतात. जुन्या जंगलात पिवळे बूट घालून गाणी म्हणत उड्या मारणारा हा म्हातारा कोण, कुठला, हे शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. अंगठीचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही. तो ती बोटात घालतो तरी अदृश्य होत नाही. ज्या वस्तूची सगळं जग धास्ती घेतंय ती त्याच्या हातात खेळणं होऊन जाते. सिनेमात हा सगळा भाग वगळला आहे, त्यामुळे वाचकालाही तो बिनकामाचा वाटतो. “ताई, याला गाळून पुढे गेलं तर?” बहिणीने विचारलं. मी नको म्हणाले. याच भागात चौघे हॉबिट एका प्राचीन थडग्यात सापडतात, टॉम त्यांना सोडवतो आणि त्या थडग्यातली जुनी पाती त्यांच्या हाती देतो. अँगमारच्या राजाशी लढलेल्या माणसांनी ती घडवलेली. वाचताना आपण ते विसरून जातो. मग सहाशे-सातशे पानांनी, पाचव्या पुस्तकातल्या मोठ्या लढाईत, त्यातलं एक पातं जे काम करतं ते दुसऱ्या कुठल्याही शस्त्राला जमलं नसतं, असं टोल्कीन तिथे स्पष्ट लिहितो. ते पातं घडवणारा कारागीर मरून शतकं लोटलीत आणि आपल्या हातच्या कामाचं काय झालं हे त्याला कधीच कळणार नाही. तो परिच्छेद आला तेव्हा फोनवर बहीण एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, “थांब, मागचं पान काढते.” हे पुस्तक गाळून वाचायचं नसतं ते यासाठी.

मोठ्याने वाचण्याची सवय आम्हाला घरातूनच होती. आमची आजी गुरुचरित्राची पोथी वाचायची. समजलं नाही तर पुन्हा विचारू, पण एकदा अध्याय सुरू केला की तो पुरा होईपर्यंत उठायचं नाही, एवढा एकच तिचा नियम. टोल्कीनचं पुस्तकही कानाने वाचायचं आहे, हे आम्हाला दोन-तीन प्रकरणांतच कळलं. तो ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक होता आणि ज्या कवितांवर त्याचं आयुष्य गेलं त्या ऐकण्यासाठीच रचलेल्या होत्या. ही कादंबरी लिहीत असताना तो तिची प्रकरणं मित्रांच्या बैठकीत वाचून दाखवायचा, सी. एस. लुईसच्या खोलीत. डोळ्यांनी वाचताना जड वाटणारं वाक्य मोठ्याने म्हटलं की सरळ होतं. बरोबर वाचायला कुणी नसेल तर ध्वनिपुस्तक लावा. रॉब इंग्लिसचं जुनं आहे आणि अँडी सर्किसचं 2021 चं. सर्किस म्हणजे सिनेमातला, अंगठीच्या मागे लागलेला गॉलम, त्यामुळे गॉलमची प्रकरणं त्याच्या आवाजात ऐकायलाच हवीत. कानात वाचन, समोर पुस्तक, असं केलं तर लोकलच्या गर्दीतही लक्ष टिकतं.

गाण्यांचं काय करायचं हा प्रश्न येतोच, कारण पन्नासच्या वर पद्यं आहेत. पहिल्या वाचनात सगळी वाचलीच पाहिजेत असं मी म्हणणार नाही. रिव्हेंडेलमधलं बिल्बोचं लांबलचक काव्य नंतर सवडीने वाचलं तरी चालेल. पण सहाव्या पुस्तकात, एका बुरुजात, फ्रोडोचा सोबती सॅम थकून-हरून बसल्या जागी गायला लागतो, ते मात्र सोडू नका. त्या गाण्यावर पुढची सगळी गोष्ट अवलंबून आहे.

रिव्हेंडेलला पोचलात की समोर तिथला स्वामी एलरॉन्ड याची सभा येते. हे पुस्तकातल्या मोठ्या प्रकरणांपैकी एक, सरासरीच्या दुप्पट. घटना काहीच नाही, नुसती बोलणी. इथे आम्ही वही घेतली. डाव्या बाजूला कोण बोलतोय, उजव्या बाजूला तो कोणती बातमी आणि कोणता प्रश्न घेऊन आलाय. बुटक्यांचा ग्लॉइन मॉर्डॉर या शत्रूच्या मुलखातून आलेल्या दूताची बातमी सांगतो, बोरोमिरला स्वप्नाचा अर्थ हवाय, लेगोलास गॉलम निसटल्याचं कबूल करतो, गँडाल्फ सारुमानच्या विश्वासघाताची हकीकत सांगतो. प्रत्येकाकडे एकेक तुकडा आहे आणि पूर्ण चित्र कुणाकडेच नाही, हे वहीच्या पानावर स्वच्छ दिसतं. प्रकरण तीन बैठकांत वाचा. शेवटी दुपारची घंटा होते, अंगठी नष्ट करायला मॉर्डॉरला कोण नेणार यावर सगळे खाली बघत गप्प बसलेले असतात आणि फ्रोडो म्हणतो की अंगठी मी नेतो, पण मला रस्ता माहीत नाही. एवढी पानं बोलण्यात गेली म्हणून ते वाक्य एवढं भारी पडतं. इथपर्यंत आलेला वाचक पुढे सहसा सोडत नाही. थोड्याच प्रकरणांत मोरियाच्या खाणी येतात आणि तिथे तर पुस्तक खाली ठेववत नाही.

नावांचा गोंधळ सगळ्यांचाच होतो. सॉरॉन आणि सारुमान हे वेगळे. सॉरॉन मॉर्डॉरमधला मुख्य शत्रू, सारुमान हा फितूर झालेला जादूगार. 1978 च्या ॲनिमेशनपटात तर प्रेक्षकांची गल्लत होऊ नये म्हणून सारुमानला काही ठिकाणी ‘अरुमान’ म्हटलं आहे. मिनास टिरिथ आपल्या बाजूचं शहर, मिनास मॉर्गुल शत्रूचं. थिओडेन राजा, थिओड्रेड त्याचा मुलगा, एओमर भाचा, एओविन भाची. स्ट्रायडर, ॲरागॉर्न आणि एलेसार हा एकच माणूस. एवढी चार वाक्यं पुस्तकाच्या आतल्या कव्हरवर लिहून ठेवा. बाकी नावं आली तशी जाऊ द्या. महाभारत ऐकताना आपण प्रत्येक राजाची वंशावळ कुठे पाठ करतो.

दुसरी खरी कसोटी मधल्या खंडात आहे. सिनेमात फ्रोडो-सॅमचा आणि बाकीच्या सोबत्यांचा असे दोन प्रवास आलटून पालटून दिसतात. कादंबरीच्या तिसऱ्या ‘पुस्तका’त फ्रोडो आणि सॅम अजिबात नाहीत आणि चौथ्यात त्यांच्याशिवाय जुन्यांपैकी कुणीच नाही. घोडेस्वार, झाडांसारखे दिसणारे एंट, हेल्म्स डीपची लढाई अशा धामधुमीतून आपण एकदम कोरड्या खडकांवर, गॉलमच्या सोबतीला येऊन पडतो. मग मेलेल्यांचे चेहरे पाण्याखाली दिसणारी दलदल. टोल्कीन 1916 मध्ये सोमच्या लढाईत होता आणि त्या लढाईनंतरच्या उत्तर फ्रान्सचं काही ऋण या दलदलीवर असल्याचं त्याने पुढे एका पत्रात मान्य केलं आहे. हा भाग त्याने बराचसा 1944 मध्ये लिहिला आणि तो तयार होईल तसा दक्षिण आफ्रिकेत हवाई दलाचं प्रशिक्षण घेत असलेल्या ख्रिस्तोफरला पाठवत गेला. बाप युद्धातून आलेला, मुलगा युद्धाच्या तयारीत. हे माहीत असलं की चौथ्या पुस्तकातला प्रत्येक मुक्काम वेगळा वाचला जातो. सॅम सशाचं कालवण करतो ते प्रकरण, फारामिरची भेट, सगळंच.

आणि या भागातच ते पान आहे ज्यासाठी मी बहिणीला इथवर ओढून आणलं. मॉर्डॉरच्या सीमेवर, पायऱ्यांवर दोघे बसलेत. सॅम म्हणतो की जुन्या गोष्टींतल्या लोकांनाही मागे फिरायची संधी होती, पण ते फिरले नाहीत, म्हणून तर त्यांची गोष्ट आपल्याला माहीत आहे. मग त्याच्या लक्षात येतं की आपण त्याच गोष्टीत आहोत, ती संपलेलीच नाही. यावर फ्रोडो जे बोलतो ते मला हजार पानांत सगळ्यात जवळचं आहे. तो म्हणतो, आपण गोष्टीच्या सगळ्यात वाईट जागी अडकलोय आणि कदाचित या ठिकाणी कुणी मूल म्हणत असेल, “बाबा, पुस्तक मिटा आता, पुढे नको.” सॅम उत्तरतो की असेल कुणी, पण मी तसं म्हणणार नाही. ज्या ठिकाणी वाचक खरोखरच कंटाळतो, तिथेच लेखकाने हे लिहून ठेवलंय. बहिणीने तो परिच्छेद दोनदा वाचला. त्या रात्री आम्ही आणखी एक प्रकरण वाचून मगच फोन ठेवला.

मध्येच आठ-पंधरा दिवस वाचन थांबलं तर स्वतःला दोष देऊ नका. आमचंही गणपतीत थांबलं होतं. टोल्कीनने दुसऱ्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात लिहिलंय की लिहिता लिहिता तो मोरियात बालिनच्या थडग्यापाशी पोचला आणि तिथे बराच काळ थांबला, पुन्हा सुरुवात केली ती जवळजवळ वर्षाने. 1937 च्या डिसेंबरात हाती घेतलेलं काम. अख्खी कादंबरी त्याने स्वतः टंकली, पुन्हा पुन्हा, कारण टायपिस्टचे पैसे परवडत नव्हते. ज्या पुस्तकाला लिहायलाच एवढी वर्षं लागली ते वाचायला एक पावसाळा लागला तर त्यात कमीपणा काय? परत सुरू करताना शेवटचं वाचलेलं प्रकरण पुन्हा वाचा, म्हणजे हवा परत येते.

अंगठीचा निकाल लागल्यावरही सहा प्रकरणं उरतात. सिनेमा पाहिलेल्यांना वाटतं, आता निरोपसमारंभ तेवढा राहिला. तसं नाही. घरी परतलेल्या हॉबिटांना शायरची काय अवस्था झालेली दिसते आणि ते काय करतात, हा भाग सिनेमात नाही. टोल्कीनने मात्र तो कथानकाचा आवश्यक भाग असल्याचं आणि सुरुवातीपासून मनात असल्याचं सांगितलंय. जे चौघे पहिल्या प्रकरणांत सावलीला घाबरत होते ते इथे कुणाच्याही मदतीशिवाय उभे राहतात. मला तर लढायांपेक्षा हे प्रकरण मोठं वाटतं.

शेवटची परिशिष्टं सगळी वाचायची गरज नाही. परिशिष्ट ‘अ’ मधली ॲरागॉर्न आणि आर्वेनची कहाणी मात्र वाचाच. मूळ कादंबरीत आर्वेन फार थोडी दिसते, तिचं दुःख इथे आहे. परिशिष्ट ‘ब’ मधल्या तारखा गोष्ट संपल्यावर उघडा, आधी उघडल्या तर शेवट कळून जाईल. कोणत्या दिवशी फ्रोडो कुठे होता आणि त्याच दिवशी चौघांपैकी पिपिन कुठे, हे शेजारी शेजारी बघताना बहिणीने भिंतीवरच्या नकाशावर दुसरी रेघ काढायला घेतली. त्यानंतर लगेच ‘द सिल्मॅरिलियन’ला हात घालू नका. ते इतिहासग्रंथासारखं लिहिलेलं आहे आणि त्याला वेगळी तयारी लागते. आधी ‘द हॉबिट’ वाचा, 1937 चं, छोटं आणि मुलांसाठी लिहिलेलं. आमचं ते आता चालू आहे, भाचीही फोनवर ऐकायला बसते, आणि बिल्बो नुकताच ट्रोल्सच्या तावडीतून सुटलाय.